भात वेळण्याची साधने : शब्दांच्या साक्षीने एक इतिहास

ह्युएन त्संग (भारतप्रवास इ. स. ६२९–६४५) याने आपल्या प्रवासवृत्ताच्या दुसऱ्या खंडात भारतीयांच्या घरगुती भांड्यांविषयी एक त्रोटक नोंद केली आहे. भांडी बहुतांशी मातीची असतात, पितळेची थोडी. शिजविण्यासाठी हंडे-कढया वापरतात, परंतु वाफेवर अन्न शिजविण्याचे पात्र या लोकांना ठाऊक नाही, असा त्या नोंदीचा आशय आहे. पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्राचे व तेथील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन करणाऱ्या प्रवाशाचीच ही नोंद असल्यामुळे मराठी अभ्यासकाला तिचे महत्त्व विशेष वाटावे हे स्वाभाविक आहे. ती वाचताना मात्र प्रवाशाच्या डोळ्यांसमोर कोणते भांडे होते, हे आधी पाहिले पाहिजे. चीनमध्ये पुष्कळ माणसांचा भात करण्याची एक जुनी रीत अशी : तांदूळ मोठ्या कढईत अर्धेकच्चे उकळावयाचे, बांबूच्या जाळीदार झाऱ्याने ते उपसून निथळू द्यावयाचे, आणि मग तळाला छिद्रे असलेल्या 'झंग' नावाच्या पात्रात घालून वाफेवर पुरे शिजवावयाचे. या परंपरेतील मनुष्य परक्या देशाच्या स्वयंपाकघरात शिरला, की त्याची नजर छिद्रांच्या भांड्याकडे जाणार. ते त्याला दिसले नाही, आणि न दिसलेल्या वस्तूची त्याने नोंद केली.

या नोंदीवर पुढे बराच भार टाकण्यात आला. के. टी. अच्चया यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंडियन फूड : अ हिस्टॉरिकल कम्पॅनियन' या ग्रंथात इडलीच्या वाफविण्याची कला इंडोनेशियाकडून आली असावी असा तर्क मांडला, त्याला ह्युएन त्संगाची ही साक्ष हा एक आधार होता. इडलीचे मूळ हा येथील विषय नाही. परंतु 'पात्र नाही, म्हणून क्रिया नाही' या अनुमानाची परीक्षा करणे अवश्य आहे. कारण उकळत्या पाण्यातून अन्न वेगळे काढण्याच्या साधनांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रत्येक पावलावर हाच अडथळा येतो. हंडा राहतो, खापर राहते. गाळणारे, निथळविणारे, वेळणारे जे काही असते ते कापड, वेत, बांबू, पान यांचे असते, आणि ते कुजून जाते.

तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथातील यंत्रवर्णने या दृष्टीने बोधप्रद आहेत. तेथील स्वेदनीयंत्र म्हणजे पाण्याने भरलेले एक भांडे आणि त्याच्या तोंडावर ताणून बांधलेले कापड. त्या कापडावर द्रव्य ठेवावयाचे व वर दुसरे भांडे पालथे घालावयाचे. दोलायंत्रात द्रव्याचे गाठोडे आडव्या काठीला टांगून द्रवाने भरलेल्या भांड्यात लोंबते सोडलेले असते. पहिले यंत्र वाफविण्याचे, दुसरे उकळत्या द्रवात ठेवून पुन्हा सबंध वर काढण्याचे. दोहोंतही 'यंत्र' या भारदस्त नावाखाली एक साधे मडके आणि एक फडके आहे. हा ग्रंथ ह्युएन त्संगानंतर सहा शतकांचा आहे. तेव्हा त्याच्यामुळे प्रवाशाची नोंद खोटी ठरते असे म्हणता येणार नाही. एवढे मात्र ठरते, की फडके सोडून घडी घालून ठेवल्यानंतर त्या घरात कोणती क्रिया होत होती, हे परक्या प्रवाशाला कळले नसते आणि उत्खनन करणाऱ्यालाही कळणार नाही.

भाजलेल्या मातीची सच्छिद्र पात्रे भारतात नव्हतीच, असेही नाही. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर अंगभर छिद्रे असलेली उंच, नळकांड्यासारखी पात्रे मिळालेली आहेत. ती गाळण्यासाठी होती, शेगडीसाठी होती, की मद्य करण्यासाठी, याविषयी विद्वानांत एकमत नाही. ती गाळणीच होती असे मानले, तरी त्यांच्यापासून मराठी स्वयंपाकघरापर्यंत अखंड परंपरा दाखविता येत नाही. येथे वस्तूंची साक्ष संपते आणि शब्दांची साक्ष घ्यावी लागते.

शब्दांची साक्ष बरीच जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील वाणीविषयक एकाहत्तराव्या सूक्तात, शहाण्यांनी मनाने वाणी घडविली ती कशी, हे सांगताना सातूचे पीठ गाळून घेण्याची उपमा आली आहे. त्या गाळण्याच्या साधनाला तेथे 'तितउ' म्हटले आहे. या शब्दाच्या अंगी एक चमत्कारिक गोष्ट आहे. त्यात 'अ' आणि 'उ' हे दोन स्वर संधी न होता शेजारी उभे आहेत. संस्कृतच्या वर्णव्यवस्थेत हे इतके विजोड दिसते, की हा शब्द बोलभाषेतून वर आला असावा, असे भाषाभ्यासकांना वाटत आले आहे. यज्ञातल्या गाळणीला 'पवित्र' हे उजळ नाव. ते मेंढीच्या लोकरीचे, सोमरस गाळण्याचे. घरातल्या गाळणीला 'तितउ' हे घरगुती नाव. यास्काने निरुक्तात या शब्दाच्या तीन व्युत्पत्ती सुचविल्या आहेत : ताणलेले, भोसकलेले, किंवा तिळाएवढी छिद्रे असलेले, पहिल्या दोन पतंजलीनेही महाभाष्याच्या प्रारंभी दिल्या आहेत. व्युत्पत्ती म्हणून त्या आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु वस्तूंचे वर्गीकरण म्हणून त्या अगदी बरोबर आहेत. गाळण्याची साधने आजतागायत दोनच जातींची : ताणलेली, म्हणजे कापडाची किंवा विणीची, आणि भोके पाडलेली, म्हणजे मातीची किंवा धातूची. यास्काने तर छिद्राचे मापही देऊन ठेवले आहे.

मराठीने या क्रियांसाठी जो क्रियापदांचा संच सांभाळला आहे, तो पाहण्यासारखा आहे. पीठ चाळतात, पाणी गाळतात, भात वेळतात, भाजी निथळत ठेवतात, पुऱ्या उपसतात. सर्व क्रियांत दोन पदार्थ एकमेकांपासून वेगळे होतात. पण कर्म कोणते, हे पाहिले म्हणजे भाषेचा हेतू कळतो. 'पीठ चाळले' यात कर्म म्हणजे खाली पडलेला भाग. वर राहिलेला तो कोंडा किंवा चाळ. 'ताक गाळले' यातही कर्म खालचेच. 'भात वेळला' येथे मात्र कर्म वर राहिलेला भाग. गाळण्याचे फळ खाली, वेळण्याचे फळ वर. चालनी–चाळणी आणि गालन–गाळणे या जोड्या संस्कृताशी सरळ जुळतात. झाऱ्याचे नाते झरण्याशी, म्हणजे 'क्षर्' धातूशी. पाझरणे हेही त्याच कुळातले. वेळणे या क्रियापदाला असा संस्कृत सोयरा चटकन सापडत नाही, आणि तरी मोल्सवर्थने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ज्या बोलीतून आपला कोश उभारला, तीत तो रुळलेला शब्द होता.

उत्तरेकडील भाषांनी येथे वेगळी वाट धरली. हिंदीत याच क्रियेला 'पसाना' म्हणतात. त्याचे मूळ 'प्रस्रावण'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात भाताचा विचार आला आहे. चांगला धुतलेला, प्रस्रुत, नीट शिजलेला आणि गरम भात हलका. न धुतलेला, न वेळलेला, कच्चा आणि थंड भात जड, असा तेथील अभिप्राय आहे. या 'प्रस्रुत'चा वंश हिंदीत जिवंत आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भातासाठी तांदळाच्या पाचपट पाणी सांगितले आहे, आणि येथेही भात प्रस्रुतच हवा. पाचपट पाणी घातल्यावर ते सगळे दाण्यात मुरणे शक्यच नाही; ते काढावेच लागते. म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने भात हा मुळातच वेळलेला पदार्थ होता, आणि पाणी जिरवून केलेला भात ही जड अन्नाची तऱ्हा होती. ज्या स्वयंपाकात सगळा भातच असा, तेथे वेळण्याचे साधन घरोघर असलेच पाहिजे. तथापि चरक किंवा भावमिश्र यांपैकी कोणीही त्याचे नाव येथे देत नाही. ते इतके नित्याचे होते, की शास्त्राला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

काढलेल्या पाण्याला काय म्हणावयाचे, येथे भारतीय भाषांचे मार्ग पुन्हा फुटतात. वैद्यकात 'मण्ड' हा शब्द भरपूर पाण्यात शिजवून काढलेल्या दाणारहित निवळीसाठी आहे; हिंदीत तो 'माँड' झाला. बंगालीने 'फेन' हा शब्द घेतला. उकळताना वर येणारा फेस हे त्याचे मूळ. दक्षिणेत 'कंजी'. मराठी, कोंकणी आणि पूर्व किनाऱ्यावरची ओडिया यांनी 'पेया' या शब्दापासून, प्राकृत 'पेज्जा'च्या द्वारे, 'पेज' हा शब्द सिद्ध केला. हा फरक क्षुल्लक नाही. फेन म्हणजे दिसणारी वस्तू. मंड म्हणजे वर येणारा अंश. पेज म्हणजे पिण्याची वस्तू. वेळल्यावर खाली जे पडते त्याला मराठीने पहिल्यापासून अन्नाचे नाव दिले. वैद्यकात पेया ही दाण्यांसह पातळ शिजविलेली वेगळी कृती होती. मराठी बोलीने तेच नाव पातळ भातालाही लावले आणि भातावरून काढलेल्या पाण्यालाही. कोशकाराला ही संदिग्धता खटकेल. कोंकणातल्या घरात ती खटकत नाही, कारण तेथे सकाळच्या पेजेत थोडी शिते असतात, आणि शिते किती व पाणी किती हे घरच्या परिस्थितीवर ठरते.

गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता याने पटकीच्या रोग्याला मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात, असे नमूद केले आहे. पाण्याला त्याने 'कांजे' हे नाव दिले आहे आणि रोगाला 'मोर्देशी'; हे दुसरे नाव म्हणजे मराठी-कोंकणीतील मोडशी. शरीरातील पाणी वाहून जात असता वेळलेली पेज देणे हा उपचार किती समंजस होता, हे सांगण्यास आजच्या वैद्यकाची साक्ष काढण्याचीही गरज नाही. मुद्दा एवढाच, की सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर भातावरचे पाणी टाकून दिले जात नव्हते. ते राखून ठेवले जात होते, आणि ते कोणी प्यावे याचेही संकेत होते.

साधनाची निवड या राखण्याशी बांधलेली आहे. कोंकणातील तीन वस्तू येथे एकमेकींपासून नीट वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण शहरी लेखनात त्यांची सरमिसळ होते. रोवळी ही बांबूची घट्ट विणीची टोपली. तीत कच्चे तांदूळ धुऊन निथळत ठेवतात. शिबे हे कामट्यांचे विणलेले, गोल व चपटे. ते भाताच्या भांड्याच्या तोंडावर दाबून धरून भांडे कलते केले, की पेज खाली ठेवलेल्या भांड्यात जाते. वेळणी हे तेच काम करणारे पसरट झाकण. ते मातीचे किंवा धातूचे असते, त्याला छिद्रे असण्याची गरज नाही, कारण झाकण आणि काठ यांमधली फटच गाळणीचे काम करते. रोवळीने भात वेळू नये, याला कारण आहे. कच्चा दाणा बारीक, म्हणून रोवळीची वीण दाट. शिजलेला दाणा फुगतो, म्हणून शिब्याची वीण मोकळी असली तरी चालते, किंबहुना ती मोकळीच असली पाहिजे. पेजेतला चिकट अंश दाट विणीत बसला, की तो थंड होऊन भोके बुजतात आणि पाणी वरच तुंबते. धुण्याची टोपली आणि वेळण्याची जाळी अशा दोन वस्तू, दोन नावे आणि दोन विणी आहेत, त्या बुरुडाच्या हौसेखातर नव्हेत.

मोठ्या भांड्यांकडे वळले म्हणजे प्रश्न पालटतो. भांड्याची उंची आणि व्यास दुप्पट केले, तर आत मावणारा पदार्थ आठपट होतो; तोंडाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते. म्हणजे तोंडाच्या तेवढ्याच जागेतून दुप्पट पाणी जावे लागते, आणि आठपट वजनाचे उकळते भांडे कलते करावे लागते. घरातल्या टोपाला जे शिबे पुरते, त्याचीच मोठी आवृत्ती पंगतीच्या हंड्याला पुरत नाही. शिवाय मोठ्या भांड्यातला भात आपल्याच उष्णतेने शिजत राहतो. वेळण्यास उशीर झाला, की तळचा थर आसट होतो. शितावरून भाताची परीक्षा, हा 'स्थालीपुलाकन्याय' म्हणून शास्त्रात प्रसिद्ध असलेला दाखला पतंजलीनेही वापरला आहे. परंतु न्यायातली स्थाली लहान आहे. चुलवणावरच्या हंड्यात वरचे शीत कणीदार असता खालचे विरघळू लागलेले असू शकते, आणि अनुभवी आचारी म्हणूनच उलथण्याने खालून शीत काढून पाहतो.

यास्तव मोठ्या प्रमाणावर वेळण्याच्या दोन स्वतंत्र रीती दिसतात. ओतून वेळण्याच्या रीतीत हंड्याच्या तोंडावर मांजरपाटाचे फडके बांधून, कड्यांत दांडा घालून दोघा-तिघांनी हंडा कलता करावयाचा. यात पेज जवळजवळ सगळी मिळते. धोका हात भाजण्याचा, आणि भात एका बाजूला दाबला जाण्याचा. उपसून वेळण्याच्या रीतीत हंडा चुलीवरच राहतो. लांब दांड्याच्या झाऱ्याने भात काढून तो रुंद टोपलीत किंवा हाऱ्यात घालावयाचा, आणि खाली पेजेसाठी परात किंवा घंगाळ ठेवावयाचे. यात आधणाचे पाणी हंड्यातच उरते व त्यात दुसरा घाणा वैरता येतो. एकामागून एक पंगती उठवावयाच्या असतील, तर ही सोय मोठी आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला पाणी इतके दाट होते, की भाताचा मोकळेपणा जातो. तेव्हा ते बदलावेच लागते.

उपसून वेळावयाचे असेल, तर टोपली कशी असावी, याची उत्तरे तिच्या घडणीत दिसतात. खोल टोपलीत वरच्या भाताच्या भाराने खालचा भात चेपतो आणि मधली वाफ कोंडून दाणा फुटतो. म्हणून टोपली उथळ आणि रुंद. बूड जमिनीला टेकले तर पाणी निथळणार नाही. म्हणून ती भांड्याच्या काठावर किंवा आडव्या दांड्यांवर बसेल अशा घेराची. बारीक, सुवासिक तांदळाला आतून फडक्याचे अस्तर हवे. जाड्या उकड्या तांदळाला नको. धातूच्या चाळणीवर बांबूचा वरचष्मा येथेच दिसतो. बांबू हाताला चटका देत नाही, कडेच्या भाताला लागून त्याचा गोळा करीत नाही, आणि वाफ अंगात मुरवून घेतो. मात्र तो काम होताच धुऊन उन्हात कडक वाळविला नाही, तर आंबूस वास धरतो, आणि पावसाळ्यात कोंकणात ऊन कोठून आणावयाचे? म्हणून चुलीवरच्या उतरंडीपाशी, धुरात, टोपल्या टांगून ठेवण्याची चाल पडली. धुराने भुंगाही दूर राहतो. तांब्या-पितळेच्या चाळणीला ही चिंता नाही. तिला कल्हईची चिंता आहे, आणि शेकडो छिद्रांच्या कडांना कल्हई नीट धरत नाही.

धातू आणि बांबू यांतील निवड केवळ सोयीची नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे नियम आहेत. धातूची भांडी क्षार, आम्ल व पाणी यांनी शुद्ध होतात. मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने. आणि 'वैदल', म्हणजे वेत-बांबूच्या चिरफळ्यांच्या वस्तू, कापडाप्रमाणे. स्मृतिकाराने टोपली कापडाच्या पंक्तीला बसविली, ही गोष्ट यास्काच्या 'ताणलेल्या' गाळणीशी जुळणारी आहे. दोघांच्याही दृष्टीने वीण ती वीण. व्यवहारात याचा अर्थ असा, की शिजलेल्या अन्नाचा स्पर्श झालेले मातीचे छिद्रपात्र टाकून द्यावे लागले असते, कारण पुन्हा आव्यात घालणे कोणाच्या घरी शक्य होते? विणलेली वस्तू मात्र धुऊन पुन्हा घेता येत होती. मातीच्या सच्छिद्र पात्राची परंपरा येथे का रुजली नाही, याचे उत्तर ज्ञानाच्या अभावात शोधण्यापेक्षा या नियमात शोधणे अधिक युक्त वाटते. ह्युएन त्संगाला जे पात्र दिसले नाही, ते या लोकांना बनविता येत नव्हते म्हणून नव्हे. ते बाळगणे त्यांना परवडणारे नव्हते, असे म्हणावयास जागा आहे. या नियमाची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. टोपली विणणारा बुरूड ज्या उंबऱ्याबाहेर उभा राहून ती विकत होता, त्या उंबऱ्याच्या आत ती एकदा शिरली, की त्याचा हात तिला लागू शकत नव्हता.

भात या शब्दाचा कोंकणात दुहेरी अर्थ आहे : शिजलेले अन्न आणि सालीसकट धान्य. यामुळे 'भात उकडणे' हा वाक्प्रयोग परक्याला चकवितो. उकडा तांदूळ करताना सालीसकट भाताला मोठ्या हंड्यात उकळी आणतात, साल फुटू लागली की ते टोपल्यांनी उपसून निथळवितात आणि चटयांवर वाळवून मग कांडतात. येथल्या पाण्याला पेज म्हणत नाहीत. ते सालीचे, कडसर पाणी, ओतूनच दिले जाते. म्हणून येथे कापड लागत नाही, खाली परात लागत नाही. कोणतीही धडकी टोपली चालते. तीच टोपली, तेच उकळते पाणी, तेच धान्य. पाण्याला किंमत नाही एवढाच फरक, आणि तेवढ्याने सगळी व्यवस्था बदलते.

या उकडण्याचे महत्त्व विसाव्या शतकात नव्याने कळले. कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड आणि त्यांचे सहकारी यांचा भारतातील तांदळाच्या प्रश्नावरील प्रबंध १९४० साली प्रसिद्ध झाला. सडलेला कच्चा तांदूळ धुताना आणि जास्त पाण्यात शिजवून ते टाकून देताना ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा भाग वाहून जातो. उकड्या तांदळात ते दाण्याच्या आत शिरलेले असल्यामुळे नुकसान कमी होते, असे या संशोधनातून पुढे आले. बेरीबेरी हा रोग कच्चा गिरणी तांदूळ खाणाऱ्या आंध्र किनाऱ्यावर आढळे, आणि उकडा खाणाऱ्या प्रदेशांत तो विरळ असे, याची संगती त्यामुळे लागली. यानंतर आहारतज्ज्ञांनी वेळण्याच्या चालीवर जी टीका केली, ती मराठी किनाऱ्यापुरती अर्धीच लागू पडते. जेथे पेज पिऊन टाकतात, तेथे वाहून गेलेले जीवनसत्त्व घरातच राहते. ते घरातल्या कोणाच्या पोटात जाते, हा प्रश्न निराळा. अलीकडे बंगालमधील आर्सेनिकयुक्त पाण्याच्या प्रदेशाविषयी याच्या उलट निष्कर्ष निघाला आहे. तांदूळ स्वच्छ धुऊन सहापट निर्दोष पाण्यात शिजविले आणि ते पाणी काढून टाकले, तर तांदळातील आर्सेनिक ५७ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. अर्थात तेथे फेन टाकणे हिताचे, आणि पिणे घातक.

त्याच बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून कलकत्त्याला आलेली माणसे दारोदार हिंडत होती, ती भात मागत नव्हती. भात मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. 'फ्यान दाओ', पेज द्या, एवढीच हाक त्या वर्षी शहरात ऐकू येत होती. त्या काळाच्या सर्व आठवणींत ही हाक आहे. तिच्यातला भाषिक तपशील सहसा कोणी पाहत नाही. ज्या भाषेने या पाण्याला फेस म्हटले, अन्न म्हटले नाही, त्या भाषेच्या घरांत ते जनावरांना घालण्याची, कपड्यांना खळ देण्याची किंवा मोरीत ओतण्याची वस्तू होती. म्हणूनच ते मागता येत होते. वेळण्याची चाळण घरात वरचा आणि खालचा असे दोन भाग पाडते, आणि माणसेही. कोंकणात खालच्या भागाला पेज हे सन्मानाचे नाव असले, तरी तो पिणारे बहुधा गडी, कुळे, आजारी आणि घरातल्या बायका हेच होते. शिते यजमानांच्या पानात पडत. शब्दाने भेद झाकला जातो, मिटत नाही.

धातूच्या चाळणीने बांबूची टोपली मागे सारली, ती आधी शहरांत आणि कार्यालयांच्या स्वयंपाकघरांत. ॲल्युमिनिअमच्या आणि पुढे स्टेनलेस स्टीलच्या चाळण्यांना कल्हई नको होती, आणि सोवळ्याचे नियम सैल झाल्यावर शुद्धीचा प्रश्नही उरला नव्हता. घरगुती वेळण्याला मात्र चाळणीने नव्हे, प्रेशर कुकरने बाजूला सारले. त्याचे उत्पादन भारतात १९५९ साली सुरू झाले. त्यात पाणी मोजून घालतात आणि ते सगळे जिरते. वेळावयाचे काही शिल्लक राहत नाही. चरकाच्या हिशेबाने हा अप्रस्रुत, म्हणून जड भात. आजच्या घरांत मात्र भात म्हटला की हाच. भाषेनेही हा बदल लगेच टिपला. भात 'करतात', 'लावतात', कुकरही 'लावतात'. 'आधण ठेवले', 'तांदूळ वैरले', 'भात वेळला' या तीन क्रियापदांची जागा एका क्रियापदाने घेतली आहे. वैरणे हा शब्द पदव्युत्तर वर्गातील शहरी विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागतो. पेज अजून समजते, पण आजाऱ्याचे पथ्य म्हणून. आणि ती आता भातावरून काढलेली नसते, कणीपासून मुद्दाम शिजविलेली असते. म्हणजे नाव फिरून वैद्यकातील मूळ पेयेकडेच गेले आहे.